आईला नाव सांगताना

ताई: हळू बोल. आत्ताच कुठं शांत बसलीय आतल्या खोलीत. बाकी काही कळो न कळो, भांडणाचा सूर आईला बरोबर कळतो.

पाळक: मी भांडत नाहीये, ताई. एवढंच विचारतोय, की तिनं असं पूर्वी कधी केलं होतं का?

ताई: असं म्हणजे कसं?

पाळक: माझ्या हातातला प्याला उडवला. भर उपासनेत, प्रभुभोजनाच्या वेळी. सगळी मंडळी गुडघ्यांवर, आणि आई एकटी उभी.

ताई: ते दिसतंय तुझ्या झग्यावर. काढ तो, भिजत घालते. द्राक्षाचा डाग एकदा वाळला की बापजन्मात निघायचा नाही.

पाळक: राहू दे गं झगा.

ताई: राहू दे काय! चर्चमध्ये पाळक तू असशील, डाग मलाच काढायचाय. दे इकडे. हं. आणि काय म्हणाली ती?

पाळक: म्हणाली, हा माणूस मला काहीतरी पाजतोय. वाचवा.

ताई: वाचवा?

पाळक: वाचवा. देवाच्या घरात, माझ्याकडे बोट दाखवून. ज्या बाईनं मला धड बोलताही येत नव्हतं तेव्हा हात जोडायला शिकवलं, ती.

ताई: पण मला न विचारता नेलंस कशाला तिला? मी शाळेचे गणवेश पोचवायला गेले, तेवढ्यात उचललीस आणि चाललास. येऊन बघते तर खुर्ची रिकामी.

पाळक: खालच्या चावीवाल्याला सांगून गेलो होतो.

ताई: तो ठार बहिरा आहे, धाकट्या. तू त्याला सांगितलंस, 'आईला नेतोय'. त्यानं मला काय सांगितलं माहितीय? 'भाऊ येऊन गेला. आई गेली म्हणाला.'

पाळक: अरे देवा.

ताई: तो जिना मी कसा चढले ते माझं मला माहीत. वर आले तर तिच्या चपला नाहीत. म्हटलं, मेलेलं माणूस चपला घालून जात नाही. मग कुठं जीव भांड्यात पडला.

पाळक: चुकलं माझं. पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

ताई: म्हणालेच असते. तिला गर्दी सोसत नाही. त्यात तू तिला पहिल्या बाकावर नेऊन बसवलं असशील.

पाळक: तिची जागा आहे ती.

ताई: होती. आणि अनोळखी माणसानं तोंडाशी काही नेलं की ती बिथरते. मी भरवताना पहिला घास स्वतः खाते. तो मी गिळला की मग ती तोंड उघडते.

पाळक: मी अनोळखी नाही.

ताई: आहेस रे. मीही आहे. फरक इतकाच, की मी तिची रोजची अनोळखी आहे.

पाळक: उपासना संपल्यावर चर्चचे पंच थांबले होते. तिघंही. कुणी माझ्याकडे बघेना. मग मोठ्या पंचांनी सांगितलं, 'पाळकसाहेब, वाईट वाटून घेऊ नका, आईंना आम्ही सगळे मानतो. पण यापुढे त्यांना प्रभूच्या मेजापाशी आणू नका. जो त्याला ओळखत नाही, त्यानं त्या प्याल्याला हात लावू नये.'

ताई: आणि तू काय म्हणालास?

पाळक: काय म्हणणार? हे त्यांना मीच शिकवलंय.

ताई: वा! म्हणजे खड्डा तुझा, कुदळ तुझी, आणि आत आई.

पाळक: टोचून घे. आज तुझा दिवस आहे.

ताई: माझा कसला दिवस? माझे सगळे दिवस तिचे आहेत. थांब, उठली वाटतं.

आई: अहो बाई, झाल्या हो माझ्या सगळ्या घड्या.

ताई: अगं बाई, इतक्यात? बघू. कोपऱ्याला कोपरा. शाब्बास! आता ही दुसरी चळत आणून देते हं, तोवर बस.

आई: वॉर्डात पाठवायच्या असतील ना? पेशंट खोळंबलेत. हे कोण?

ताई: हे आपलेच आहेत.

आई: डॉक्टर आहेत का?

पाळक: नाही, आई. मी आहे. धाकटा.

आई: बरं बरं. साहेब आलेत तर खुर्ची पुसून द्या त्यांना.

ताई: देते. तू आत चल. ह्या घे चादरी. सावकाश कर, घाई नाही.

पाळक: ताई, तू मोरीत नेऊन त्याच चादरींच्या घड्या मोडल्यास आणि परत तिलाच दिल्यास.

ताई: मग? घरात चादरी किती असणार? दवाखान्याच्या धुलाईघरात आयुष्य गेलं तिचं. हाताला काम असलं की डोक्यातली भुतं गप्प बसतात. मी मोडते, ती घालते. दिवस जातो.

पाळक: तिला कळत नाही?

ताई: तिला नाही कळत. मला कळतं. एखाद्या दिवशी मोरीत उभी राहून चादर मोडताना वाटतं, अशी घट्ट पिळावी ही की, जाऊ दे. चहा टाकू?

पाळक: नको. परवा मी तिला विचारलं होतं, आई, येशू कोण?

ताई: मग?

पाळक: म्हणाली, 'ते आमच्याकडे राहत नाहीत. खालच्या मजल्यावर चौकशी करा.'

ताई: माफ कर रे, मला हसू आलं.

पाळक: मलाही आलं होतं. हसत हसतच जिना उतरलो आणि मधल्या पायरीवर बसून राहिलो. उठताच येईना. ताई, तिच्याकडे काय होतं दुसरं? बाबा गेल्यावर किती दारं वाजवली तिनं? काका, मामा, बाबांचा तो कारखानदार. ती नेहमी सांगायची, 'सगळी दारं वाजवली, एकच उघडलं.' एकच! तिनं ते कुठं वाचलं नव्हतं. दोन पोरं आणि एक पत्र्याची पेटी घेऊन ती ते शिकली होती.

ताई: तू कडेवर होतास तेव्हा. मी चालत होते. त्यामुळं मला जरा वेगळं आठवतं.

पाळक: काय?

ताई: दार बटणं विकणाऱ्या बाईनं उघडलं होतं. जाडजूड, मिशा होत्या थोड्या. बसच्या थांब्यावर आपल्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, 'पोरीचे पाय सुजलेत.' दुकानाच्या मागची खोली दिली तिनं. मला गरम पाण्यात पाय सोडून बसवलं. येशूचं नाव दुसऱ्या दिवशी निघालं.

पाळक: तिच्या हातानं त्यानंच उघडलं दार.

ताई: असेल. आईही हेच म्हणायची. मी काही बोलले नाही कधी. पण मला त्या बाईचे हात आठवतात, तो आठवत नाही. काय करू?

पाळक: तू कधी प्रयत्नच केला नाहीस.

ताई: मी नाही केला? आई रोज सकाळी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, तुझ्या आधी माझ्या. मी डोळे घट्ट मिटायचे. म्हणायचे, आज ऐकू येईल. मला फक्त मागच्या खोलीतलं शिवणयंत्र ऐकू यायचं. मी रागावलेली नाहीये त्याच्यावर, धाकट्या. माझं त्याच्याशी भांडण नाही. ओळख होण्याआधी भांडण कसं होणार?

पाळक: तसं बोलू नकोस.

ताई: का? तूच सांग ना एकदा तोंडावर. आई विसरली म्हणून तू कासावीस झालायस. मी तर विसरलेली नाही. चांगली शुद्धीत आहे, हातीपायी धड आहे, आणि मी नाही म्हणते. मग तुझ्या हिशेबी आईच्या आधी मी बुडाले. माझ्यासाठी कधी रडलास?

पाळक: रोज.

ताई: काय?

पाळक: रोज रडतो. तुला सांगितलं असतं तर तू चिडली असतीस.

ताई: मला कधी बोलला नाहीस.

पाळक: काय बोलू? तुझ्यापुढं प्रवचन देऊ? तू आईचं हगमूत काढतेस आणि मी तुला तारण सांगू? तोंडच होत नाही माझं. मंडळीपुढं उभा राहिलो की सांगतो, ठणकावून सांगतो. देव एक, तारणारा एक, दुसऱ्या कुणाच्या हातून सुटका नाही, म्हणून त्याला शेवटच्या श्वासापर्यंत धरून राहा. मला ते खरं वाटतं, ताई. आजही वाटतं. खोटं वाटलं असतं तर सुटलो असतो. घरी गेलो असतो, जेवलो असतो, झोपलो असतो.

ताई: पण ती धरून होती की रे. धरण्यासारखं जोवर हातात बळ होतं तोवर.

पाळक: आज तिनं प्याला उडवला तो कुणी उडवला? आजारानं, की आईनं? आजार कुठं संपतो आणि ती कुठं सुरू होते? डॉक्टरला विचारलं तर तो म्हणतो, हे आमच्या कक्षेत येत नाही. पंचांना विचारलं तर ते म्हणतात, पाळक तुम्ही आहात.

ताई: आणि तू?

पाळक: मी तुझ्याकडे आलो.

ताई: शहाणाच आहेस. आंधळ्यानं आंधळ्याला वाट विचारावी तसं.

पाळक: मला एकदा प्रयत्न करू दे. इथं, घरात. गर्दी नाही, झगा नाही. एकदाच.

ताई: कसला प्रयत्न?

पाळक: तिनं एकदा नाव घेतलं, तर मला पुरे.

ताई: नको. चांगली शांत आहे.

पाळक: ताई, पाया पडतो तुझ्या.

ताई: पाया काय पडतोस? बोलव. पण ती घाबरली तर मी थांबवीन. पाळकबिळक बघणार नाही.

पाळक: आई, जरा इकडे ये ना. बस. माझ्याकडे बघ.

आई: माझं काही चुकलं का? चादरी ओल्या राहिल्या का?

पाळक: नाही गं, काही चुकलं नाही. मी एक नाव सांगतो, ते तू माझ्यामागं म्हणशील? तुझ्या ओळखीचं आहे. म्हण, येशू.

आई: येशू.

पाळक: हो. हो, आई. आता म्हण, येशू माझा तारणारा.

आई: येशू माझा तारणारा.

पाळक: ऐकलंस, ताई? म्हणाली ती.

आई: बरोबर आलं का?

पाळक: अगदी बरोबर.

आई: मग आता मला सोडाल ना? मी नावं सगळी नीट सांगते. मी काही घेतलेलं नाही हो कुणाचं. माझी झडती नका घेऊ. लहान मुलगी आहे माझी, ती बाहेर एकटीच उभी आहे.

पाळक: आई, मी काही करत नाहीये.

आई: आणखी कुठलं नाव म्हणू? तुम्ही सांगाल ते म्हणते.

ताई: पुरे! ऊठ तिथून. ऊठ म्हणते ना. आई, इकडे बघ. मी आहे. तुझी मुलगी आत आहे, दूध पिऊन झोपलीय. तिचे पाय पण बरे झालेत. कुणी झडती घेत नाही तुझी. हे साहेब चुकून दुसऱ्याच्या घरात आले होते. चल, तोंड धुऊया.

(बऱ्याच वेळानं, बाहेरच्या खोलीत.)

पाळक: पडली का?

ताई: पडलीय. डोळे उघडेच आहेत.

पाळक: ताई, मी काय केलं हे?

ताई: तू नाव मागितलंस, तिनं दिलं. दुकानात मोड मागावी तसं.

पाळक: ते ऐकलं तेव्हा क्षणभर मला वाटलं, झालं. सुटली ती. लाज वाटते सांगायला. आणि पुढच्याच क्षणी तिचे डोळे दिसले. पोलीसठाण्यात बसवलेल्या बाईचे असतात तसे.

ताई: एक विचारू? मला तुमचं शास्त्र कळत नाही, मी शिंपीण. तिला त्याचं नाव आठवत नाही, ठीक. पण त्याला तर तिचं आठवत असेल ना? तो काही म्हातारा झालेला नाही.

पाळक: हेच मी लोकांना सांगतो.

ताई: मग झालं तर.

पाळक: दुसऱ्यांच्या आईबद्दल फार छान सांगता येतं. गेल्या हिवाळ्यात त्या बेकरीवाल्याची आई अशीच बेशुद्धीत गेली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून हेच म्हणालो मी. आपण त्याला धरतो म्हणून नव्हे, तो आपल्याला धरतो म्हणून आपण तरतो. तो माणूस शांत झाला. माझे हात धरून आभार मानले त्यानं. आज तेच वाक्य मी स्वतःला किती वेळा सांगतोय. आत शिरतच नाही. दगडावर पाणी ओतावं तसं वाहून जातं.

ताई: तुझा विश्वास बसत नाही त्याच्यावर?

पाळक: बसतो. बसतो म्हणून तर हे हाल. वाचवणारा दुसरा कुणी असता तर त्याच्या दारात जाऊन बसलो असतो. ह्याच्या पलीकडं दार नाही, ताई. आणि हे आतून उघडायचं दार आहे. मी बाहेरून नुसतं वाजवू शकतो.

ताई: चहा घे. निवतोय.

पाळक: संध्याकाळची उपासना आहे मला.

ताई: कसा जाणार? झगा भिजतोय.

पाळक: झग्याचं काही नाही. उभा राहून बोललो काय असतो? विषय गेल्या रविवारीच जाहीर झालाय. 'एकच तारणारा'.

ताई: दुसऱ्या कुणाला सांग आजचा दिवस. तुझा तो मदतनीस आहे ना, चष्मेवाला?

पाळक: त्याला फोन केला मघाशी, तू आत होतीस तेव्हा. मी येत नाही म्हटलं. त्यानं कारण विचारलं. म्हटलं, आई बरी नाही.

ताई: बरं केलंस. आणि पुढच्या रविवारी?

पाळक: पुढच्या रविवारी मी मेज मांडीन, भाकर मोडीन, सगळ्यांना वाटीन. आणि तिला देणार नाही. पंचांशी भांडू शकतो, ताई. पण आज तिच्या तोंडाशी प्याला मी नेला होता, आणि ती वाचवा म्हणून ओरडली होती. ते कुणाशी भांडू?

ताई: मी घेऊन येऊ तिला? मागं बसू आम्ही, दारापाशी. गाणी झाली की उठून येऊ. गाण्याला ती मान हलवते कधी कधी. शब्द येत नाहीत, पण मान हलते.

पाळक: तू येशील? चर्चमध्ये?

ताई: उगाच आशा लावून बसू नकोस. मी तिचा हात धरायला येतेय. दुसरं काही नाही.

पाळक: ये. मी काही म्हणणार नाही.

ताई: म्हणालास तरी चालेल. म्हणजे, म्हणून बघ कधीतरी. रोज तिकडं एकटा रडण्यापेक्षा. मला पटणार नाही, पण मी ऐकून घेईन. आता मी खाली जाऊन येते. चावीवाला सकाळपासून माझ्यासाठी रडतोय, त्याला सांगायला हवं आई आहे म्हणून. तू बस तिच्यापाशी. काही विचारू नकोस. नुसता बस.

पाळक: हो.

आई: कोण आहे? दारात कोण उभं आहे?

पाळक: मी आहे. झोपा तुम्ही.

आई: रडताय का?

पाळक: नाही. हो, थोडं.

आई: काही हरवलं का तुमचं?

पाळक: माझी आई.

आई: अगं बाई! लहान होती का?

पाळक: नाही. मोठी होती.

आई: मोठी माणसं सापडतात हो. लहान असली म्हणजे जीव घाबरतो. कुठं सुटली हातातून?

पाळक: सुटली नाही. समोरच होती. बघता बघता दिसेनाशी झाली.

आई: गर्दीत होतं असं. कुणाला विचारलंत का?

पाळक: विचारतोय. एकालाच विचारतोय.

आई: एकालाच कसं? चार जणांना विचारावं.

पाळक: विचारण्यासारखं दुसरं कुणी नाही.

आई: असं? मग तो काय म्हणतो?

पाळक: अजून काही म्हणाला नाही.

आई: मग बसा इथं. उभ्यानं किती वाट बघणार?